संगणकाच्या आत पाहण्याच्या वाटा

'आमच्या शाळेतले संगणक आता फार हळू झाले आहेत, नवे घ्यावे लागतील.' बीड जिल्ह्यातील शिक्षकांशी बोलताना हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. त्यावर आमचा एक प्रतिप्रश्न असतो : हळू म्हणजे नेमके काय हळू? या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. खरे तर ते उत्तर त्याच संगणकात असते. प्रोसेसर किती वेळ कामात होता, मेमरी किती भरली, हार्ड डिस्कपुढे किती कामे खोळंबली, याची मोजणी आजचा प्रत्येक संगणक स्वतःच करत असतो. ती पडद्यावर दाखवणारी साधनेही त्याच्यासोबतच येतात. वेगळी विकत घ्यावी लागत नाहीत. विंडोजमध्ये त्यांची नावे टास्क मॅनेजर, रिसोर्स मॉनिटर आणि परफॉर्मन्स मॉनिटर अशी आहेत.

ही साधने उघडण्याची वाट मात्र एक नाही, निदान सहा-सात आहेत. एकाच खोलीला इतकी दारे कशाला, असे विद्यार्थी विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर संगणकाच्या इतिहासात सापडते. यातले प्रत्येक दार वेगळ्या काळी, वेगळ्या माणसासाठी आणि वेगळ्या अडचणीसाठी केलेले आहे. हा इतिहास माहीत असला की कोणते दार केव्हा उघडायचे हे पाठ करावे लागत नाही.

परळीत काय अडले होते?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी, मुळात मोजायचे काय ते पाहू. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण घेऊ. फेब्रुवारी 2013 मध्ये परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातले सर्व संच बंद ठेवावे लागले. केंद्राची क्षमता त्या वेळी 1130 मेगावॅट होती. बॉयलर होते, टर्बाइन होते, जनित्रे जागेवर होती. नव्हते ते पाणी. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येणारे पाणी दुष्काळामुळे आटले होते. बॉयलरसाठी आणि त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात वाफ थंड करण्यासाठी पाणी लागते. त्यामुळे 1130 मेगावॅटच्या केंद्रातून एक युनिटही वीज मिळेना.

अशा वेळी कोणी 'वीज कमी पडते, आणखी एक टर्बाइन आणा' असे म्हटले असते, तर आपण त्याला वेड्यात काढले असते. कारण कोणत्याही यंत्रणेचे उत्पादन तिच्यातल्या सर्वांत तुटपुंज्या साधनावर ठरते. बाकीची साधने कितीही वाढवली, तरी उपयोग होत नाही. संगणकाचेही असेच आहे. त्यात मुख्यतः चार साधने असतात : हिशेब करणारा प्रोसेसर, चालू कामाची सामग्री ठेवणारी मेमरी, कायमचा साठा असलेली डिस्क आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे नेटवर्क. यांपैकी कोणते अपुरे पडते हे न पाहता नवा संगणक घेणे आणि पाण्यावाचून अडलेल्या केंद्रात टर्बाइन बसवणे यांत फारसा फरक नाही.

दिवे, भोंगा आणि हिशेब

पहिल्या पिढीच्या संगणकांत यंत्राचे काम डोळ्यांना दिसे आणि कानांना ऐकूही येई. यंत्रापुढच्या फळीवर दिव्यांच्या ओळी असत आणि त्या पाहून आत कोणता आकडा आहे हे चालकाला वाचता येई. 1951 साली मँचेस्टरला बसवलेल्या फेरांटी मार्क-1 मध्ये भोंगा वाजवण्यासाठी वेगळी आज्ञाच होती. ऑस्ट्रेलियातल्या सिसरॅक या यंत्रालाही ध्वनिक्षेपक जोडला होता. आज्ञावलीतला ठरावीक टप्पा आला की आवाज येई आणि काम कोठवर पोचले ते कळे.

भारतात अशा पिढीचा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. 1960 साली तो पूर्ण क्षमतेने काम करू लागला आणि 1962 मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यात सुमारे 2700 निर्वात नळ्या होत्या आणि त्याच्या मेमरीत 2048 शब्द मावत. एक शब्द म्हणजे 40 द्विमान अंक. म्हणजे एकूण मेमरी सुमारे 10 हजार बाइट. शाळेतल्या आजच्या साध्या संगणकात 4 अब्ज बाइट किंवा त्याहून अधिक मेमरी असते. इतक्या लहान यंत्रावर एका वेळी एकच आज्ञावली चालत असे. यंत्र कोणाचे काम करते आहे, असा प्रश्नच तेव्हा उद्भवत नव्हता.

तो प्रश्न पुढच्या पिढीत आला. 1964 मध्ये त्याच संस्थेत सीडीसी-3600 हा आयात केलेला मोठा संगणक बसला आणि बाहेरच्या संस्थांची कामेही त्यावर होऊ लागली. अशी महागडी यंत्रे जगभर अनेकांत वाटून वापरली जात. वाटणी आली की हिशेब आलाच. कोणाच्या कामाने किती मिनिटे घेतली, हे यंत्राने स्वतःच नोंदवायचे आणि त्यावरून आकारणी करायची, अशी पद्धत रूढ झाली. या मोजणीची सुरुवात मोठ्या प्रमाणावर अशा व्यवहारातून झाली. मात्र ही आकडेवारी संगणक-केंद्राच्या व्यवस्थापकापुढे जाई. ज्याचे काम रखडले, त्याला ती दिसत नसे.

मोजणी केली की अंदाज कसे चुकतात, हेही याच काळात दिसून आले. 1971 साली डोनाल्ड क्नूथ यांनी प्रत्यक्ष वापरातल्या अनेक फोरट्रान आज्ञावल्या तपासल्या. आज्ञावलीचा 4 टक्क्यांहूनही कमी भाग सर्वसाधारणपणे निम्म्याहून अधिक वेळ खातो, असे त्यांना आढळले. तो भाग कोणता हे आज्ञावली लिहिणाऱ्यालाही न मोजता सांगता येत नाही.

वापरणाऱ्याच्या हाती पहिला आकडा

टेनेक्स या संगणक-प्रणालीत एक महत्त्वाचा बदल झाला. एकाच यंत्राला अनेक टर्मिनल जोडलेली असत. टर्मिनलवर बसलेल्या कोणाही माणसाने कंट्रोल आणि टी या कळा एकत्र दाबल्या की त्याच्या कामाची स्थिती आणि यंत्रावरचा सरासरी भार पडद्यावर येई. जुलै 1973 मधल्या भाराचे आलेख प्रसिद्धही झाले. टेनेक्स 1, 5 आणि 15 मिनिटांची सरासरी ठेवत असे. आजच्या लिनक्स संगणकांवर 'अपटाइम' ही आज्ञा दिली की याच तीन सरासरी दिसतात. पन्नासहून अधिक वर्षे हा प्रघात टिकला आहे.

त्यानंतर 1984 मध्ये विल्यम लेफेव्हर यांनी युनिक्ससाठी 'टॉप' ही आज्ञावली लिहिली. सर्वांत जास्त प्रोसेसर खाणारी कामे वरच्या क्रमाने दाखवणारी आणि दर काही सेकंदांनी स्वतःला ताजी करणारी ती यादी होती. सी-डॅकने विकसित केलेल्या बॉस या भारतीय लिनक्ससह बहुतेक सर्व लिनक्स प्रणालींत ती आजही मिळते.

महासंगणकाचा धडा : कमाल वेग आणि खरा वेग

आता महाराष्ट्रातल्या एका मोठ्या प्रयत्नाकडे वळू. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने 1991 मध्ये परम-8000 हा महासंगणक तयार केला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे 64 प्रोसेसर एकत्र काम करत. अशा यंत्रात एक नवीच अडचण येते. 64 प्रोसेसर असले तरी काम 64 पट वेगाने होईलच असे नाही. त्यातले काही रिकामे बसू शकतात.

ऊसतोडीच्या टोळीवरून हे समजून घेता येईल. टोळीतले कोयते वाढवले की तोडणी भराभर होईल; पण वाहतुकीला ट्रॅक्टर एकच असेल, तर तोडलेला ऊस फडातच पडून राहील. 1967 साली जीन अॅमडाल यांनी हाच हिशेब संगणकासाठी मांडला. समजा, कामाचा 10 टक्के भाग असा आहे की तो वाटून देता येत नाही. मग एकट्या प्रोसेसरला लागणारा वेळ 1 मानला, तर 64 प्रोसेसरांना 0.1 अधिक 0.9 भागिले 64, म्हणजे सुमारे 0.114 इतका वेळ लागेल. 1 ला 0.114 ने भागले की 8.8 मिळतात. 64 प्रोसेसर लावून वेग फक्त पावणेनऊ पट! हे गणित दहावीच्या विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.

म्हणूनच महासंगणकाचे दोन वेग सांगतात : एक कागदावरचा कमाल वेग आणि दुसरा ठरावीक गणित सोडवून मोजलेला. नोव्हेंबर 2007 मध्ये पुण्याचा 'एका' हा टाटा समूहाचा महासंगणक जगात चौथा आला. त्याचा कमाल वेग सुमारे 171 टेराफ्लॉप होता, तर मोजलेला वेग सुमारे 118 टेराफ्लॉप. म्हणजे 69 टक्के. जगाच्या यादीत क्रमांक लागतो तो मोजलेल्या वेगावर.

शाळेतल्या संगणकाशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. आजच्या साध्या संगणकातही चार किंवा अधिक प्रोसेसर एकाच चकतीवर असतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा आकडा 25 टक्के दिसला, की आपण म्हणतो तीन-चतुर्थांश ताकद शिल्लक आहे. पण चारांपैकी एकच प्रोसेसर पूर्ण राबत असेल आणि ते काम वाटताच येत नसेल, तरीही आकडा 25 टक्केच दिसतो. म्हणून आलेखावर उजवी कळ दाबून प्रत्येक प्रोसेसरचा वेगळा आलेख पाहणे आवश्यक असते.

चिपमधले गुप्त मीटर

इंटेल कंपनीने 1993 मध्ये पेंटियम प्रोसेसर बाजारात आणला. त्याच्या चिपमध्येच मोजणीची दोन यंत्रे बसवलेली होती. आत घडणाऱ्या निरनिराळ्या घटना ती मोजू शकत. पण ती कशी वापरायची याची माहिती कंपनीने उघड केली नव्हती. गुप्ततेचा करार करणाऱ्यांनाच ती मिळे. नॉर्वेच्या टेरये मॅथिसेन यांनी प्रयोग करून करून ही रीत शोधून काढली आणि जुलै 1994 च्या बाइट मासिकात ती छापली. पुढच्या प्रोसेसरांबरोबर कंपनीने ही माहिती अधिकृतपणे देण्यास सुरुवात केली.

या घटनेवरून एक गोष्ट ध्यानात येते. मीटर बसवणे आणि ते पाहण्याची वाट खुली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या घरच्या विजेच्या मीटरला कुलूप लावून किल्ली कंपनीने ठेवली, तर बिलावर विश्वास ठेवण्यापलीकडे आपल्या हाती काय उरेल?

एका खोलीची अनेक दारे

आता विंडोजमधल्या वाटा क्रमाने पाहू.

पहिली वाट कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळांची. आयबीएमचे अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी 1981 च्या पीसीसाठी ती योजली, तीही संगणक पुन्हा सुरू करण्यासाठी. 1993 मध्ये आलेल्या विंडोज एनटीने तिला वेगळा अर्थ दिला : हा संकेत थेट मूळ प्रणालीकडेच जाईल, दुसरी कोणतीही आज्ञावली तो मध्ये अडवू शकणार नाही. म्हणून पडदा गोठल्यासारखा झाला तरी ही वाट बहुधा खुली असते. त्यातून येणाऱ्या यादीत टास्क मॅनेजर निवडता येतो.

दुसरी वाट कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळांची. 1996 च्या विंडोज एनटी-4 मध्ये टास्क मॅनेजर आला. तो डेव्ह प्लमर यांनी लिहिला. संगणक आजारी असतानाच हे साधन लागणार, हे ओळखून त्यांनी त्याची रचना केली. टास्क मॅनेजर स्वतःच अडकला, तर याच कळा पुन्हा दाबाव्यात. प्रणाली जुन्या प्रतीला दहा सेकंदांपर्यंत हाक मारते. उत्तर आले नाही तर नवी प्रत उघडते.

तिसरी वाट माऊसची. पडद्याच्या तळाच्या पट्टीवर उजवी कळ दाबली की टास्क मॅनेजरचे नाव दिसते. 2021 मध्ये आलेल्या विंडोज-11 मधून ही सोय काढली होती. 2023 मध्ये ती परत आली. तळाच्या विंडोज खुणेवर उजवी कळ दाबणे किंवा विंडोज आणि एक्स या कळा एकत्र दाबणे, हीसुद्धा तिकडेच जाणारी वाट आहे.

चौथी वाट परफॉर्मन्स मॉनिटरची. विंडोज आणि आर या कळा दाबल्या की एक लहान चौकट येते. तिच्यात पी-ई-आर-एफ-एम-ओ-एन ही सात इंग्रजी अक्षरे लिहून एंटर दाबावे. हेच शब्द स्टार्टच्या शोधपेटीत किंवा आज्ञांच्या काळ्या खिडकीतही चालतात. तळाची पट्टीच नाहीशी झाली असेल, तर टास्क मॅनेजरमधून नवे काम सुरू करण्याची सोय वापरून तीच अक्षरे तेथे लिहिता येतात. हे साधन 1993 च्या विंडोज एनटीपासून आहे आणि ते मुळात मोठ्या यंत्रांच्या व्यवस्थापकांसाठी केले होते. शेकडो मोजमापांतून हवी ती निवडायची आणि त्यांची नोंद तासन्‌तास ठेवायची, हे त्याचे वैशिष्ट्य.

पाचवी वाट याच साधनाची, पण कार्यालयीन पद्धतीची. कंट्रोल पॅनेलमधल्या व्यवस्थापनाच्या साधनांत किंवा कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये परफॉर्मन्स हे नाव सापडते. ज्याला अक्षरे आठवत नाहीत, त्याला ही यादी उपयोगी पडते.

सहावी वाट रिसोर्स मॉनिटरची. 2009 च्या विंडोज-7 पासून ते स्वतंत्रपणे उघडता येते. त्यासाठी आर-ई-एस-एम-ओ-एन ही अक्षरे लिहावीत, किंवा टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावरून जावे. कोणती आज्ञावली कोणती फाइल वाचते आहे, इतका बारकावा येथे मिळतो.

सातवी वाट चित्राविना. काळ्या खिडकीत टाइपपर्फ ही आज्ञा दिली की आकडे ओळीने छापले जातात आणि फाइलमध्ये साठवता येतात. तक्रार लेखी करायची असेल, तर ही नोंद सर्वांत चांगली.

आकडे वाचताना

दार उघडले, आकडे दिसले, तरी ते वाचता यावे लागतात. यादीत 'सिस्टिम आयडल प्रोसेस' या नावापुढे 95 टक्के पाहून विद्यार्थी घाबरतात. पण ते रिकामपणाचे माप आहे. काम नसते तेव्हा प्रोसेसर जेथे विसावतो त्याचे ते नाव. 95 टक्के रिकामा, म्हणजे केवळ 5 टक्के कामात. शिवाय मोजणारे साधनही थोडी ताकद घेते. टास्क मॅनेजरचे स्वतःचे नाव त्याच्याच यादीत असते.

आता नेहमी आढळणारी स्थिती घेऊ. प्रोसेसर 15 टक्के, मेमरी 95 टक्के, हार्ड डिस्क 100 टक्के आणि माऊस जागचा हलत नाही. येथे प्रोसेसर दोषी नाही. मेमरी भरल्यामुळे प्रणाली काही सामग्री हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. मेमरीतून आकडा मिळण्यास सुमारे 100 नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे 10 मिलिसेकंद. हे अंतर एक लाख पटींचे आहे. मेमरीला एक सेकंद लागतो असे मानले, तर डिस्कला जवळजवळ 28 तास लागतील. अशा यंत्रात मेमरी वाढवणे किंवा फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा नव्या संगणकाहून खूप स्वस्त उपाय असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज-10 चा नियमित आधार संपला आणि अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज-11 चालत नाही. हा प्रश्न सुरक्षिततेचा आहे, वेगाचा नाही. दोन्हींची सरमिसळ करून चांगली यंत्रे मोडीत काढू नयेत. आकडे ठीक असतील तर त्याच यंत्रावर लिनक्स घालून ती काही वर्षे वापरता येतात.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येक गटाला एक संगणक द्यावा. संगणक सुरू करून पाच मिनिटे नुसता ठेवावा आणि टास्क मॅनेजरमधून प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचे आकडे वहीत लिहावेत. नंतर एक मोठी फाइल एका जागेहून दुसऱ्या जागी नक्कल करताना आणि शेवटी ब्राउझरमध्ये दहा पाने उघडून हीच नोंद घ्यावी. प्रत्येक वेळी कोणता आकडा आधी शंभराजवळ गेला, त्याखाली रेघ मारावी. सगळ्या संगणकांचा तक्ता भिंतीवर लावला की कोणत्या यंत्राला काय कमी पडते ते उघड दिसेल. एकच यंत्र इतरांहून वेगळे वागत असेल, तर का, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा.

शाळेसाठी संगणक मागताना किंवा दुरुस्तीचे अंदाजपत्रक तपासताना हा तक्ता मुख्याध्यापकांच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती असावा. 'हळू झाला' असे सांगणाऱ्याला दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागते. 'दहापैकी सात यंत्रांत मेमरी अपुरी पडते, प्रोसेसर ठीक आहे' असे सांगणाऱ्याची मागणी नेमकी असते, आणि तिला मिळणारे उत्तरही नेमकेच द्यावे लागते.